रीलोडिंगचं सामान: चेन स्टोअरमधून काय घ्यावं, जवळच्या गन शॉपमधून काय

रीलोडिंग म्हणजे झाडलेल्या काडतुसाची पुंगळी घरी पुन्हा भरणं. त्याच्या सामानाची खरेदी घरी, मॅन्युअल म्हणजे भरण्याच्या मापांचं पुस्तक उघडून करायची असते. दुकानात जायचं ते यादीवर खुणा करायला. हा क्रम उलटा झाला की नवख्याच्या हाती तीन डबे पावडर, चुकीच्या मापाचे हजार प्रायमर आणि शेलहोल्डर (पुंगळीचं बूड पकडणारा तुकडा) नसलेला डाय सेट (पुंगळीला मापात आणणाऱ्या साच्यांचा संच) येतो, आणि यातल्या निम्म्या वस्तू दुकान परत घेत नाही.

हा लेख अमेरिकेत राहून स्वतःच्या सेंटरफायर (प्रायमर बुडाच्या मधोमध असणाऱ्या काडतुसाच्या) रायफलसाठी किंवा पिस्तुलासाठी काडतुसं भरू पाहणाऱ्यांसाठी आहे. काडतुसाचे भाग चार: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसणारा प्रायमर, आतली पावडर म्हणजे बिनधुराची बंदुकीची दारू, आणि तोंडाशी बसणारी गोळी. झाडल्यावर पुंगळी उरते. तिला पुन्हा मापात आणून बाकीचे तीन भाग नवे घालायचे, एवढंच हे काम. उदाहरणासाठी इथे .३०८ विंचेस्टर या काडतुसाची बोल्ट-ॲक्शन (हाताने खिट्टी ओढून भरायची) रायफल धरली आहे. .२२ रिमफायर वापरत असाल तर इथेच थांबा. त्याचं ज्वालाग्राही मिश्रण पुंगळीच्या कडेतच भरलेलं असतं आणि ती कड झाडताना चेपते, त्यामुळे ते काडतूस व्यवहारात पुन्हा भरता येत नाही. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलीत कांस्य मिळवलं ते याच .२२ रिमफायर काडतुसावर. महाराष्ट्रात एअर रायफल आणि .२२ वर नेमबाजी शिकलेल्यांना रीलोडिंगचा अनुभव सहसा नसतो, तो यामुळेच.

आधी व्हिसा बघा

ही गोष्ट आपल्याकडच्या मंडळींच्या हमखास नजरेतून सुटते, म्हणून पावडरच्याही आधी. अमेरिकेच्या संघीय कायद्यात 'ॲम्युनिशन' या शब्दात भरलेलं काडतूस तर येतंच, पण सुटी पुंगळी, सुटा प्रायमर, सुटी गोळी आणि पावडरही येते. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर प्रवेश मिळालेल्या व्यक्तीला ॲम्युनिशन बाळगायला हा कायदा मनाई करतो. नेहमी लागू पडणारा अपवाद एकच: राज्याचा वैध शिकारीचा परवाना. म्हणजे काउंटरवर कुणी काही विचारलं नाही आणि तुम्ही प्रायमरचं खोकं घेऊन बाहेर पडलात, तरी ते बाळगणं गुन्हा ठरू शकतं. परवाना घेतला असेल तर त्याची मुदत पाहा. टेक्सासचा शिकारीचा परवाना १ सप्टेंबरपासून ३१ ऑगस्टपर्यंत चालतो. १ सप्टेंबरच्या सकाळी नवा परवाना हातात नसेल आणि कपाटात पावडर असेल तर तुमची बाजू लंगडी पडते. ग्रीन कार्डधारकांना आणि नागरिकांना हे कलम लागू नाही. शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारा, दुकानातल्या माणसाला नको. त्याने दिलेलं आश्वासन कोर्टात कामाला येत नाही.

राज्यांचे नियम वेगळे. मॅसॅच्युसेट्समध्ये ॲम्युनिशनच्या व्याख्येत प्रायमर आणि पावडर धरलेली आहे, त्यामुळे तिथे सुटं सामान घ्यायलाही शस्त्रपरवान्याचं कार्ड लागतं. टेक्सासमध्ये तसं नाही, पण वयाची खात्री करायला ओळखपत्र मागतात. राज्य बदललंत की नियम नव्याने वाचा.

स्वतःच्या वापरासाठी भरायला संघीय परवाना लागत नाही. भरलेली काडतुसं विकायचा धंदा करायला मात्र टाइप ०६ हा उत्पादकाचा परवाना लागतो. 'तुझ्यासाठी शंभर भरून देतो, खर्चापुरते पैसे दे' ही दोस्तीखात्यातली सवय लावून घेऊ नका. कायद्याचा प्रश्न आहेच, शिवाय दुसऱ्याच्या रायफलीत तुमचं काडतूस फुटलं तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर भाडेकरार वाचा. ज्वालाग्राही किंवा स्फोटक पदार्थांवर बंदी घालणारी ओळ बहुतेक करारांत असते.

यादी बनवण्याचा क्रम

पहिली खरेदी मॅन्युअलची. लायमन, हॉर्नडी, सिएरा, स्पीअर, नॉस्लर यांपैकी कुणाचंही छापील मॅन्युअल चालेल. लायमनच्या मॅन्युअलमध्ये अनेक कंपन्यांच्या गोळ्यांचे आकडे असतात. हॉर्नडी आणि सिएरा आपापल्याच गोळ्यांचे देतात. हॉजडन या पावडर कंपनीचे आकडे तिच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. दोन स्रोत जवळ ठेवा आणि एकमेकांशी ताडून पाहा.

मग रायफलीला काय हवं ते ठरवा. बॅरलचा ट्विस्ट म्हणजे आतल्या पिळाचा वेग किती आहे आणि किती वजनाची गोळी तिला मानवते, हे आधी. .३०८ साठी १६८ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं एकक) मॅच म्हणजे स्पर्धेची गोळी ही नवख्याला सोयीची सुरुवात, कारण तिचे आकडे सगळीकडे मिळतात. पण यादीत '१६८ ग्रेन' एवढंच लिहू नका. कंपनी आणि नाव पूर्ण लिहा. त्याच वजनाची बार्न्स कंपनीची पूर्ण तांब्याची गोळी शिशाच्या गोळीपेक्षा लांब असते, ती पुंगळीत जास्त खोल जाते, आतली जागा कमी होते आणि दाब वाढतो. एकीचा आकडा दुसरीला लावायचा नाही.

त्या गोळीसाठी मॅन्युअलमध्ये दिलेल्या पावडरींपैकी तीन नावं पसंतीच्या क्रमाने लिहा. एकच लिहिलं तर दुकानात ती नसते, आणि मग माणूस फळीवर दिसेल ती उचलतो. तीन लिहिल्या की एक तरी मिळतेच. प्रत्येक नावापुढे मॅन्युअलचं पान टाका.

प्रायमरचे मुख्य प्रकार चार: स्मॉल पिस्टल, लार्ज पिस्टल, स्मॉल रायफल, लार्ज रायफल, मॅग्नम हा त्यांचाच जास्त जोरकस भाऊ. स्मॉल पिस्टल आणि स्मॉल रायफल बाहेरून एकाच व्यासाचे असतात, पण रायफलच्या प्रायमरची वाटी जाड असते. पिस्टलचा पातळ प्रायमर रायफलच्या दाबाखाली भोक पडून गॅस मागे सोडतो. लार्ज रायफल हा लार्ज पिस्टलपेक्षा उंच असतो; .४५ एसीपी या पिस्तुलाच्या काडतुसाच्या पुंगळीत तो वर उठून राहतो आणि पिस्तुलाचा सरकता भाग आदळताच फुटण्याची भीती असते. आपल्या .३०८ ला लार्ज रायफल लागतो. पण काही कंपन्या .३०८ ची पुंगळी स्मॉल रायफल प्रायमरच्या खळगीसह विकतात, ६.५ क्रीडमोर या रायफलच्या काडतुसात दोन्ही प्रकार सर्रास मिळतात आणि .४५ एसीपीच्या काही पुंगळ्यांना स्मॉल पिस्टल लागतो. म्हणून पुंगळी आधी ठरवा, प्रायमर नंतर.

पहिल्या फेरीला एवढं पुरे: एकाच कंपनीच्या १०० नव्या पुंगळ्या, गोळ्यांचं १०० चं एक खोकं, एक पौंड पावडर, आणि प्रायमरचं १०० चं पाकीट. दहा पाकिटांचं हजारचं खोकं, ज्याला दुकानात 'ब्रिक' म्हणतात, परवडत असेल तर तेच घ्या, कारण मग एकाच लॉटचे (एका वेळी बनलेल्या खेपेचे) प्रायमर बराच काळ पुरतात. आठ पौंडांचा जग (मोठा डबा) पहिल्या दिवशी घेऊ नका. रायफलीला ती पावडर मानवली नाही तर सात पौंड कपाटात बसतात.

खर्चाचा अंदाज असा काढा. एका पौंडात ७,००० ग्रेन. समजा एका काडतुसाला ४० ग्रेन लागली (हा आकडा फक्त हिशेबासाठी आहे, भरण्यासाठी नाही), तर पौंडात १७५ काडतुसं. पावडर ५० डॉलरला मिळाली तर काडतुसामागे साधारण २९ सेंट. प्रायमर हजाराला ८० डॉलर धरले तर ८ सेंट. गोळ्या शंभराला ४५ डॉलर धरल्या तर ४५ सेंट. एकूण ८२ सेंट, आणि वर पुंगळीची किंमत जितक्या वेळा ती वापराल तितक्यांत विभागून. हा आकडा दुकानातल्या मॅच दर्जाच्या काडतुसाच्या भावाशेजारी लिहा. रायफलीत फरक ठळक दिसतो. ९ मिलिमीटरच्या साध्या काडतुसात तो इतका बारीक असतो की निव्वळ बचतीसाठी ९ मिलिमीटर भरायला बसणं हा फारसा शहाणपणाचा व्यवहार नाही.

चेन स्टोअर कशासाठी

कॅबेलाज, बास प्रो शॉप्स, स्पोर्ट्समन्स वेअरहाउस, शील्स ही नेहमीची नावं. बास प्रोने २०१७ साली कॅबेलाज विकत घेतलं, त्यामुळे या दोहोंतला माल आणि सवलती बऱ्याच सारख्या असतात. डॅलस-फोर्ट वर्थ परिसरात फोर्ट वर्थ आणि ॲलन इथे कॅबेलाज आणि ग्रेपवाइनला बास प्रो आहे. 'तिथे नाही मिळालं म्हणून इथे आलो' असा फेरा मारण्याआधी संकेतस्थळावर त्या शाखेतला साठा पाहा. तो आकडाही शंभर टक्के खरा नसतो. फोन करून माणसाला फळीकडे पाठवणं उत्तम.

चेन स्टोअरमधून हत्यारं, म्हणजे काडतूस भरण्याची अवजारं, घ्या. प्रेस (दांड्याने पुंगळी डायमध्ये दाबणारं यंत्र), डाय, वजनकाटा, कॅलिपर (लांबी-जाडी मोजणारं साधन), ट्रिमर (पुंगळी कापून आखूड करणारं साधन) या वस्तूंवर सणासुदीला आणि शिकारीच्या हंगामाआधी चांगली सवलत असते. न वापरलेली वस्तू पावती दाखवून परत करता येते, आणि वर उत्पादक कंपनीची योजना लागू होते. हॉर्नडीने प्रेस किंवा डाय घेणाऱ्याला टपालाने फुकट गोळ्या देण्याची योजना अनेक वर्षं चालवली आहे. खरेदीच्या दिवशी ती सुरू आहे का पाहा आणि खोक्यावरचा बारकोड कापून ठेवा. खोकं फेकून दिलंत की ती सूट गेली.

नवख्याने सिंगल-स्टेज प्रेस घ्यावा. एका वेळी एकच काम करणारा हा प्रेस हळू चालतो, पण प्रत्येक पायरी डोळ्यांसमोर होते. आरसीबीएस रॉक चकर, हॉर्नडी लॉक-एन-लोड क्लासिक, ली क्लासिक कास्ट ही त्यातली रुळलेली नावं. एका दांड्यात पाच कामं करणारा डिलनचा प्रोग्रेसिव्ह मोहक असतो. त्यात एका पुंगळीत पावडर पडलीच नाही किंवा दोनदा पडली, हे ओळखायला सरावलेली नजर लागते. तो पुढे कधीतरी.

'किट' घेताना खोक्याच्या मागची यादी वाचा. किटमध्ये सहसा प्रेस, वजनकाटा, पावडर मोजणारं यंत्र, प्रायमर बसवण्याचं हत्यार, नरसाळं, पुंगळ्या उभ्या करायचा ठोकळा, वंगण आणि पुंगळीच्या तोंडाची कडा साफ करायचं हत्यार असतं. डाय सेट, शेलहोल्डर, कॅलिपर आणि ट्रिमर बहुधा नसतात. हे चार विसरून घरी गेलात तर शनिवार फुकट. ट्रिमर चैनीची वस्तू वाटते, ती तशी नाही. .३०८ ची पुंगळी प्रत्येक फेरीत थोडी लांब होते, २.०१५ इंच ही कमाल लांबी आणि २.००५ इंचावर तिला कापून आणायची असते. लांब राहिली तर चेंबरच्या (रायफलीत काडतूस बसतं त्या पोकळीच्या) टोकाशी तिचं तोंड गोळीवर आवळलं जातं आणि दाब चढतो.

डाय घेताना तीन गोष्टी तपासा. बहुतेक डायचे आटे ७/८-१४ या एकाच मापाचे असतात, त्यामुळे एका कंपनीचा डाय दुसऱ्या कंपनीच्या प्रेसमध्ये चालतो. दुसरी, पिस्टलच्या सरळ पुंगळीसाठी कार्बाइड डाय घेतला तर वंगण लागत नाही; .३०८ सारख्या बाटलीच्या आकाराच्या पुंगळीला वंगण लागतंच, नाहीतर ती डायमध्ये अडकते आणि ती काढायला वेगळं हत्यार विकत आणावं लागतं. तिसरी, शेलहोल्डर. ली कंपनी तो डाय सेटसोबत देते, आरसीबीएस आणि हॉर्नडी वेगळा विकतात, आणि प्रत्येक कंपनीचे क्रमांक निराळे. .३०८ ला आरसीबीएसचा ३, हॉर्नडीचा १, लीचा २. .२२३ ला हेच आकडे अनुक्रमे १०, १६ आणि ४. 'मित्राकडे .३०८ ला तीन नंबर आहे' म्हणून दुसऱ्या कंपनीचा तीन नंबर घेतला तर तो बसत नाही.

चेन स्टोअरची दुबळी बाजू म्हणजे काउंटरवरचा माणूस. काही ठिकाणी खरा जाणकार भेटतो, पण बरेचदा तो काल मासेमारीच्या विभागात होता आणि उद्या तंबूंकडे जाणार असतो. त्याच्याशी नम्रपणे बोला, साठा विचारा, ट्रक कोणत्या वारी येतो ते विचारा. 'हिच्याऐवजी कोणती पावडर चालेल?' हे मात्र विचारू नका.

जवळचं गन शॉप कशासाठी

पावडर, प्रायमर आणि सल्ला. रीलोडिंगचा कोपरा असलेलं एखादं दुकान सापडलं तर ते सांभाळून ठेवण्यासारखं असतं. मालक त्या भागातल्या रेंजवर कोण कोणतं काडतूस झाडतो ते ओळखून माल मागवतो. .३०८ आणि ६.५ क्रीडमोर झाडणारे जास्त असतील तर तिथे त्याच पावडरी असतात आणि डबे फळीवर वर्षानुवर्षं पडून राहत नाहीत. नेहमीच्या गिऱ्हाइकाला 'पुढच्या खेपेत एच ४३५० पावडर येतेय, दोन डबे बाजूला ठेवू का?' असं विचारलं जातं. २०२० नंतरच्या टंचाईत हजार प्रायमरचा ३०-४० डॉलरचा भाव दुपटीहून वर गेला आणि चेन स्टोअरच्या फळ्या रिकाम्या पडल्या. तेव्हा अशा ओळखीची किंमत कळली.

भाव थोडा जास्त असतो हे खरं. एका डब्यामागे पाच-दहा डॉलर जास्त गेले तरी त्यावर घासाघीस करत बसण्यात अर्थ नाही. ऑनलाइन हिशेब पुढे आहेच. पण भाव आणि नफेखोरी यात फरक असतो. प्रायमर कुठल्याही दिवशी आसपासच्या भावाच्या दुप्पट दिसले तर मुकाट्याने बाहेर पडा.

अशा दुकानांत जुन्या वस्तूही मिळतात. ओतीव लोखंडाचा जुना प्रेस निम्म्या किमतीत मिळाला तर घ्यावा. त्यात मोडण्यासारखं फार काही नसतं. दांडा वर-खाली करून रॅममध्ये (पुंगळी वर ढकलणाऱ्या खांबात) हेलकावा आहे का, आटे झिजलेत का, एवढं पाहा. जुना तराजूकाटा घेणार असाल तर खात्रीची वजनं लावून तो ०.१ ग्रेनपर्यंत बरोबर दाखवतो का ते तपासा.

जुनी पावडर मात्र कधीच नको. उघडलेला डबा, फाटलेलं लेबल, 'हा कुणाच्या तरी वारशातला आहे, स्वस्तात देतो' असं काही ऐकलंत तर हात जोडा. आत दुसरी पावडर ओतलेली असू शकते आणि बघून ती ओळखता येत नाही. बिघडलेल्या पावडरीला आंबट, झोंबणारा वास येतो आणि कधी लालसर धूळ दिसते. पण वास चांगला आला म्हणून लेबल खरं ठरत नाही.

बादलीत भरून ठेवलेल्या, पौंडावर विकल्या जाणाऱ्या रेंजच्या पुंगळ्या स्वस्त पडतात आणि निवडायला वेळ खातात. काय बघायचं:

- तोंडाशी उभी चीर असलेली पुंगळी बाद.
- बुडापासून थोडं वर चकचकीत कडं दिसलं तर आत भिंत पातळ झाली आहे. पेपरक्लिप सरळ करून टोक जरा वाकवा आणि आतून फिरवा. खाच लागली तर ती पुढच्या वेळी दोन तुकडे होणार.
- आत डोकावून बघा. मधोमध एक भोक म्हणजे बॉक्सर, ती भरता येते. बाजूला दोन भोकं म्हणजे बर्डन. तिच्यात डायची जुना प्रायमर ढकलून काढणारी सुई मोडते.
- लष्करी पुंगळीत प्रायमरभोवती धातू दाबून बसवलेला असतो. तो वळ काढल्याशिवाय नवा प्रायमर आत जात नाही, चिरडतो. त्यासाठी वेगळं हत्यार लागतं, तेही खर्चात धरा.
- ९ मिलिमीटरच्या बादलीत .३८० या वेगळ्या काडतुसाची पुंगळी हमखास मिसळलेली असते.

नवख्याने पहिली शंभर नवीच घ्यावीत. बादली नंतर.

गन शॉपचा एक धोका त्याच्या गुणातूनच येतो. तिथे जाणते लोक उभे असतात आणि ते आपापले आकडे तोंडी सांगतात. 'मी वीस वर्षं एवढीच टाकतोय' हे त्याच्या रायफलीपुरतं खरं असेल. तिचं चेंबर, त्याच्या पुंगळीची जाडी, त्याच्या लॉटची पावडर तुमच्याकडे नाही. ऐका, आभार माना, आणि घरी मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या आकड्यापासून सुरू करा.

फळीसमोर होणारी सर्वांत महाग चूक

पावडरींची नावं. हॉजडनची एच ४३५०, आयएमआर ४३५० आणि ॲक्युरेट ४३५० या तीन वेगळ्या पावडरी आहेत, त्यांचे आकडे वेगळे. एच ४८९५ आणि आयएमआर ४८९५ यांचंही तसंच. गंमत अशी की हॉजडन कंपनीने आधी आयएमआर आणि मग २०२० साली ॲक्युरेट विकत घेतली. आता तिन्हींचे डबे शेजारी शेजारी उभे असतात. क्रमांक वाचू नका, पूर्ण नाव वाचा. अक्षरांसकट.

उलट काही नावं दोन असून माल एकच असतो. एच ११० आणि विंचेस्टर २९६ एकच. एचपी-३८ आणि विंचेस्टर २३१ एकच. एच ४८३१ आणि एच ४८३१ एससी यांचे आकडेही एकच, दुसरीचे दाणे आखूड कापलेले असतात एवढंच. पण हे उत्पादकाने स्वतः सांगितलं म्हणून मानायचं. 'दिसायला सारखी' हा पुरावा नाही.

त्याच फळीच्या टोकाला पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन अशी काळ्या दारूच्या बदली वापरायची द्रव्यं असतात. ती तोंडाकडून भरायच्या जुन्या पद्धतीच्या बंदुकांसाठी. ती .३०८ मध्ये घालायची नाहीत, आणि बिनधुराची पावडर त्या बंदुकीत गेली तर नळी फाटते.

गोळ्यांच्या बाबतीत व्यास पाहा. .२२३ ची गोळी .२२४ इंचांची असते, ९ मिलिमीटरची .३५५, .३८ स्पेशलची जॅकेट चढवलेली गोळी .३५७ आणि शिशाची बहुधा .३५८. ७.६२x३९ ची गोळी .३१० च्या आसपास. तिला '३० कॅलिबर' म्हणून .३०८ मध्ये बसवणारे महाभाग असतात.

पैसे देण्याआधी काउंटरवरच डब्याचं सील, पूर्ण नाव आणि लॉट क्रमांक पाहा. प्रायमरच्या खोक्यावरचा प्रकार वाचा. पावडर आणि प्रायमर एकदा दाराबाहेर गेले की चेन स्टोअर काय, छोटं दुकान काय, परत घेत नाही.

ऑनलाइन कधी परवडतं

पावडर आणि प्रायमर टपालखात्याने पाठवता येत नाहीत. यूपीएस किंवा फेडेक्सने येतात आणि त्यावर धोकादायक मालाचा आकार लागतो, ज्याला सगळे 'हॅझमॅट फी' म्हणतात. हा आकार वस्तूमागे नसून पार्सलमागे असतो. समजा तो ३० डॉलर आणि वाहतूक १२ डॉलर. जवळच्या दुकानात ५५ डॉलरचा डबा ऑनलाइन ४४ ला दिसला तरी घरी पोचेपर्यंत ८६ चा होतो. एका डब्यासाठी ऑनलाइन जाऊ नये.

आता आठ पौंडांचा जग घ्या: दुकानात ३८० डॉलर, ऑनलाइन ३२०. सोबत तीन हजार प्रायमर: दुकानात हजारी ८५, ऑनलाइन ७०. जगावर ६० आणि प्रायमरवर ४५ वाचले. त्यातून ४२ वजा केले तर ६३ डॉलर हाती राहतात. एका पार्सलला वजनाची मर्यादा असते आणि काही विक्रेते पावडर व प्रायमर एकत्र पाठवत नाहीत, तेव्हा ऑर्डरआधी ते विचारा. रेंजवरच्या चौघांनी मिळून मागवलं तर आकार वाटला जातो. मात्र त्या चौघांपैकी कुणी वर सांगितलेल्या व्हिसाच्या अटीत अडकत नाही ना, ते आधी पाहा. पार्सल घ्यायला सही करणारी प्रौढ व्यक्ती घरी लागते. दाराबाहेर ठेवून जात नाहीत.

गोळ्या, नव्या पुंगळ्या आणि हत्यारं यांना हॅझमॅट लागत नाही. ती जिथे स्वस्त मिळतील तिथून घ्या.

घरी आणल्यावर

उन्हाळ्यात टेक्सास किंवा ॲरिझोनाची गाडी पार्किंगमध्ये तासभर उभी राहिली तर आत भट्टी होते. सामान घेतल्यावर जेवायला थांबू नका, सरळ घरी या.

पावडर मूळ डब्यातच राहू द्या. तो डबा मुद्दाम कमजोर बनवलेला असतो, म्हणजे आग लागली तर पटकन फुटतो आणि पावडर भडकून जळते. तीच पावडर जाड लोखंडी पेटीत किंवा बंद तिजोरीत कोंडली तर दाब साचून स्फोट होतो. प्रायमर त्यांच्या खाच्यांच्या ट्रेमध्येच ठेवा. काचेच्या बरणीत एकत्र ओतले तर एक फुटला की सगळे एकदम फुटतात.

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मानलं जाणारं एनएफपीए ४९५ हे अग्निसुरक्षेचं मानक घरात २० पौंडांपर्यंत बिनधुराची पावडर मूळ डब्यात ठेवू देतं. त्यापुढे ५० पौंडांपर्यंत किमान एक इंच जाड लाकडाची पेटी किंवा कपाट लागतं. प्रायमरची मर्यादा १०,०००. तुमच्या शहराचा अग्निशमन नियम याहून कडक असू शकतो, म्हणून सवलत बघून चार जग उचलण्याआधी तो बघा. पावडर आणि प्रायमर वेगवेगळ्या कपाटांत, गिझर आणि ड्रायरपासून दूर, कुलपात.

प्रत्येक डब्यावर खरेदीची आणि उघडल्याची तारीख मार्करने लिहा. भरताना टेबलावर पावडरीचा एकच डबा असावा. काम संपलं की यंत्रात उरलेली पावडर त्याच वेळी त्याच डब्यात परत ओता. रात्रभर राहिली आणि सकाळी कोणती ते आठवलं नाही, तर ती टाकून द्यायची. नवा लॉट उघडला की भरायचं माप थोडं खाली आणून पुन्हा वर चढत यायचं.

विमानात पावडर आणि प्रायमर कुठल्याच सामानात चालत नाहीत, अमेरिकेतल्या अमेरिकेतही. भारतात जाताना तर रिकामी पुंगळीसुद्धा नेऊ नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यातल्या ॲम्युनिशनच्या व्याख्येत दारूगोळ्याचे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे भाच्याला दाखवायला खिशात घातलेली पुंगळी आणि काकांसाठी घेतलेला डाय सेट, दोन्ही मुंबईच्या विमानतळावर अडचणीचे. रेंजवर नेलेली बॅग प्रवासाला वापरू नका. वापरावीच लागली तर सगळे कप्पे उलटे करून झटका, अस्तराच्या शिवणीत बोट घालून पाहा, आणि बाजूच्या जाळीच्या खिशातही.